तालमीत स्टेरॉइड चालत न्हाय

मी आज जो काही आहे, तो दादू वस्तादांमुळं. कुरुंदवाडहून कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि खोलीचं भाडं परवडणारं नव्हतं. वस्तादांनी तालमीच्या माळ्यावर फुकट जागा दिली. अट एकच घातली, "आखाड्यात उतरू नगंस. मोडशील."

या माणसानं आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही. मी पदवीचा निकाल दाखवला, तर म्हणाले, "बरं. आता जरा जेवत जा." औषधावरही त्यांचा राग. डोकं दुखलं की बैठका, पोट दुखलं की बैठका. एकाचा पाय मुरगळला, त्यालाही बैठकाच सांगितल्या, तेव्हा मात्र तालमीत कुजबुज झाली.

गेल्या वर्षी सगळ्या तालमीचे डोळे आले. एकच टॉवेल सगळ्यांच्या तोंडावरून फिरत होता, त्यामुळं साथीला फार कष्ट पडले नाहीत. लाल डोळ्यांचे डझनभर पैलवान रस्त्यानं निघाले की लोक वाट सोडायचे. पोरं लवकर बरी झाली. वस्तादांच्या डोळ्यांची लालीही गेली, पण ते विचित्र वागू लागले. दर कुस्तीनंतर म्हणायचे, "दोघंबी चांगलं लढलासा." पोरं घाबरली. मी हातकणंगल्याला शाळेत शिकवतो, तिथं फोन आला. "सर, वस्ताद कौतुक कराय लागल्यात. लगेच या."

खरी गोष्ट अशी, की कुणाची पाठ मातीला लागली हेच त्यांना दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू गेलाय, पण बुबुळावर सुजेचे बारीक ठिपके राहिलेत, म्हणून धुरकट दिसतं. तुमच्याच शरीराची फौज लढायची थांबत नाही. कुस्ती सुटली, तरी पैलवान आखाडा सोडेना, असं झालंय. स्टेरॉइडचे थेंब देते."

वस्ताद ताडकन उठले. "बाई, हे नाव माझ्या तालमीत चालत न्हाय!"

बाटली मी घेतली. त्यांनी ती दाराबाहेर चपलांशेजारी ठेवली.

याचं कारण सलीम. लहानपणापासून हाताखाली वाढवलेला, वस्तादांचा सगळ्यात तयार पठ्ठा. स्टेरॉइडची इंजेक्शनं घेताना सापडला, त्याच दिवशी वस्तादांनी त्याला हाकललं. आता तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. न राहवून मी त्याला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. वस्तादांनी डोळे बारीक केले. "कोन त्यो?"

"सलीम."

"हितं स्टेरॉइडवाल्याला जागा न्हाय."

"व्हय की. म्हणून तर तुमास्नी न्यायला आलोय. चला भाईर."

मग वस्तादांचं पोट हललं, खांदे हलले आणि ते हसत सुटले. सलीमनं चपलांतली बाटली उचलली, हात धुतले. "वर बघा, वस्ताद. हलू नका."

वस्ताद गुमान वर बघत राहिले.

त्यानंतर कामावरून सुटला की सलीम यायचा. नीट दिसायला लागलं, तसं वस्तादांनी आपल्या मनानं थेंब बंद केले आणि त्याला म्हणाले, "आता येऊ नगंस." ठिपके परत आले. वस्ताद फोनवर फक्त स्वतः बोलतात आणि ठेवून देतात, म्हणून मी पत्र लिहिलं:

"ती. वस्ताद यांना नमस्कार. थेंब एकदम सोडायचे नसतात. बाई सांगतील तसे हळूहळू कमी करायचे, मधूनमधून डोळ्यांचा दाब तपासून घ्यायचा. सलीम सोबत येईल. तुम्ही नको म्हणालात, तरी तो रोज तालमीच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि माघारी जातो. पोरं सांगतात, त्या वेळी तुम्ही कुस्ती सोडून दाराकडं बघत बसता. एवढ्या लांबचं तुम्हाला दिसत नसणार. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वाचता आलं नाही, तर सलीमला बोलावून वाचून घ्या. वाचता आलं, तरी त्यालाच बोलवा."