मालक हजर आहे काय?

ज्या गोष्टीची तपासणी होत नाही ती गोष्ट चांगली असू शकते. पण तसे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नसतो. या तत्त्वावर आपला जिल्हा उभा आहे. (बसायला सावली नाही, हे दुसरे कारण.)

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. आमच्या वृद्धाश्रमातील चंद्रभागाबाईंचा मुलगा बिभीषण पुण्याहून आईला भेटायला आला आणि दोन रात्री मुक्कामाला राहिला. मात्र वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रान्वये सदर भेट झालीच नाही, असे समजण्यात आले आहे. वाचकांनीही तसेच समजावे आणि आपण काहीच वाचलेले नाही अशा चेहऱ्याने पुढे यावे.

आमची संस्था नेकनूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. नाव 'कृतार्थ वृद्धसेवा सहकारी संस्था मर्यादित'. चेअरमन अर्जुनराव. आमच्या भागात ऊस, दूध, सूत आणि कोंबड्या या सर्वांचा सहकार होऊन गेला होता. म्हातारी माणसे तेवढी सुटी फिरत होती. ही गोष्ट अर्जुनरावांच्या नजरेतून सुटली नाही. नावातला 'मर्यादित' हा शब्द कायद्याने लावावा लागतो. सेवेत तो आम्ही आपणहून पाळतो.

पुढे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही, तेव्हा अर्जुनरावांनी आश्रमाला खेटूनच जनावरांची चारा छावणी काढली. मधे फक्त तारेचे कुंपण. कुंपणाच्या अलीकडे एकोणीस म्हातारी माणसे, पलीकडे चारशे जनावरे. अलीकडे माणशी वीस लिटर पाणी, पलीकडे मोठ्या जनावरास चाळीस. अलीकडे भात आणि आमटी, पलीकडे ओला चारा आणि दिवसाआड पेंड. याला कोणी भेदभाव म्हणू नये. म्हैस मत देत नाही, त्यामुळे तिच्यासाठी केलेले काम निःस्वार्थ धरले जाते आणि निःस्वार्थ कामाला टँकर मोठा लागतो.

पण खरा फरक पाण्याचा नव्हता. छावणीचा नियम असा, की जनावराच्या मालकाने रोज संध्याकाळी हजर राहायचे. तीन दिवस मालक फिरकला नाही तर जनावर बेवारस धरून लिलाव. त्यामुळे रोज दिवस कलला की पलीकडे माणसांची रीघ लागायची. कोणी म्हशीच्या पाठीवर थाप मारी, कोणी बैलाच्या गोचिड्या काढी, कोणी नुसतेच कासेजवळ बसून तंबाखू मळी. अलीकडे असा कोणताही जाचक नियम नव्हता. नातेवाइकांना पूर्ण स्वातंत्र्य होते आणि ते त्याचा लाभ घेत होते.

चंद्रभागाबाई रोज कुंपणाशी पाट टाकून हा कार्यक्रम बघत.

"म्हशीचं नशीब बगा," त्या म्हणत. "रोज मानूस येतंय तिला."

बिभीषण दोन दिवाळ्या झाल्या तरी आला नव्हता. सुट्टी मिळत नाही, असे तो फोनवर सांगे. (तो ज्या कारखान्यात आहे तिथे सुट्टी मिळते. त्याच सुट्टीत तो गोव्याला जातो.) चंद्रभागाबाईंची मागणी तशी माफक होती. "एकदा डोळ्यानं बगायचंय. त्याच्यासंगं बोलायचं काय न्हाई मला. बोलला तर बोलीन."

अशा परिस्थितीत सेवेचा दर्जा ठरवणारे तपासणी पथक आले. पथकप्रमुख भगवानराव. त्यांनी जीपमधून उतरताच पिशवी उघडली, तेव्हा असे निदर्शनास आले, की वृद्धाश्रमाचा तपासणी नमुना वरून आलेलाच नाही. पिशवीत फक्त चारा छावणीचा आहे. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. भगवानराव कर्तव्यदक्ष होते. त्यांनी चहा मागवला.

"साहेब, हा जनावरांचा नमुना हाय," मी संस्थेचा लिपिक या नात्याने म्हणालो.

"दोन्हीकडं जीवच हायत ना?"

"हायत."

"मग? नमुना वरून येतो, जीव खालून येतात. जीवानं नमुन्यात बसायचं असतं. आना एकेकाला."

तपासणी अत्यंत काटेकोर झाली. सर्वांची वजने छावणीच्या काट्यावर घेण्यात आली. छत्तीस किलोच्या सुंदरबाई 'लहान जनावर' ठरल्या, म्हणून दिवसभर रुसल्या. 'शिंगे' या रकान्यात सर्वांपुढे 'छाटलेली' असे लिहिले गेले. 'दुभते की भाकड' येथे भगवानराव क्षणभर अडखळले. पण ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांना दुभते आणि उरलेल्यांना भाकड धरावे, असा तोडगा त्यांनी स्वतःच काढला. (बऱ्याच घरांत ही वर्गवारी आधीपासून लागू असल्याचे नंतर कळले.) बिल्ला कानात मारायचा असतो, तो आम्ही मोठ्या प्रयत्नाने गळ्यात दोऱ्याने बांधण्यापर्यंत खाली आणला.

धुळाजींचा प्रश्न सोपा होता. त्यांचे आयुष्य मेंढरांमागे गेले, आणि त्यांची एक गाय पलीकडे छावणीत होती. 'मालक हजर आहे काय?' असे विचारताच ते म्हणाले, "हाय की. माजा मालक मीच."

भगवानरावांनी 'हजर' लिहिले. एकाच वेळी मालक आणि जनावर अशी दुहेरी नोंद असलेली जिल्ह्यातील ही बहुधा एकमेव व्यक्ती. धुळाजींनी तेव्हापासून चालच बदलली.

मग चंद्रभागाबाई पुढे आल्या.

"स्वभाव? मारका का गरीब?"

"मारकी लिव्हा. गरीब लिवलं की कुनीबी येतंय अन् धार काढतंय."

"मालक हजर हाय का?"

चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. "मालकाला जाऊन बारा वर्सं झाली, साहेब. लई चांगला मानूस हुता. कुटं असतील तितं सुखी असतील, मी न्हाई ना तितं."

"तसा मालक न्हाई, आजी. आता कुनाच्या नावावर हाय, ते सांगा."

"ते व्हय? लेकाच्या. जमीन त्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर. मीबी असंल."

भगवानरावांनी लिहिले: मालक, बिभीषण. गैरहजर.

एकोणीसपैकी अठरा मालक गैरहजर निघाले. नियम स्पष्ट होता. त्याच दिवशी अठरा मालकांच्या मोबाईलवर संदेश गेला. (प्रवेशाच्या वेळी प्रत्येक भावाने दुसऱ्या भावाचा नंबर दिला होता, त्यामुळे सगळ्यांचेच नंबर आमच्याकडे होते.) बिभीषणला गेलेला संदेश असा: 'आपले मोठे जनावर एक, भाकड, मारके, बिल्ला क्रमांक अकरा, छावणीत मालकाविना आढळले आहे. तीन दिवसांत हजर राहून ओळख पटवावी. अन्यथा बेवारस समजून लिलाव करण्यात येईल.'

इथून पुढे सेवेचा दर्जा ज्या वेगाने उंचावला, तो बघून अर्जुनरावसुद्धा घाबरले.

पहिला परिणाम पाण्याचा. एकोणीस जीव जनावरांत धरल्यामुळे टँकर दुप्पट आला. चंद्रभागाबाईंनी कित्येक दिवसांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि केस उन्हात पसरून बसल्या. सोबत पेंडही आली. ती धुळाजींनी गाईला दिली. उसाचे वाढे आले. ज्यांना दात होते त्यांनी त्यात ऊस शोधला आणि ज्यांना नव्हते त्यांनी त्यांना शिव्या घातल्या. आश्रमात इतका आनंद याआधी फक्त लाईट आल्यावर झाला होता.

दुसरा परिणाम मालकांचा. संस्थेच्या पाच वर्षांच्या इतिहासात जितक्या भेटी झाल्या नव्हत्या, तितक्या दोन दिवसांत झाल्या. सुंदरबाईंची दोन मुले चार वर्षे 'तू सांभाळ, तू सांभाळ' म्हणून भांडत होती. ती एकाच मोटारसायकलवर आली आणि फाटकातच एकमेकांच्या गचांड्या धरून उभी राहिली.

"जनावर माझ्या वाटणीचं हाय रं!"

"तुझ्या कशापायी? दानं-पानी मी बगितलंय त्याचं!"

सुंदरबाई खिडकीतून हे ऐकत होत्या. त्यांचा रुसवा गेला.

बिभीषण दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याचा टेम्पो घेऊन आला. हातात नवे कोरे दावे.

"माझी म्हैस कुठं हाय?"

मी त्याला कुंपणाशी नेले. तो केस वाळवणाऱ्या बाईच्या पाठमोऱ्या आकृतीला वळसा घालून पुढे निघाला होता. बिल्ला बघून थांबला.

"आई? तू हितं काय करतीस?"

"मी हितंच असते. तूच आनून सोडलंस की."

"म्हैस कुठाय?"

"मीच हाय. टेम्पोत चढवतोस का चालत नेतोस?"

बिभीषणचा चेहरा उतरला. तो मागे फिरणार, एवढ्यात भगवानराव आडवे आले. ओळख पटवल्याशिवाय मालकाला जाता येत नाही, असा नियम आहे.

"खून सांगा जनावराची. आता बगायचं न्हाई, तिकडं तोंड करा."

बिभीषणने लिंबाच्या झाडाकडे तोंड केले. बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "कपाळावर गोंदलेलं हाय."

"हनवटीवर रं," चंद्रभागाबाई मागून कुजबुजल्या.

"जनावरानं बोलायचं न्हाई!" भगवानराव ओरडले. "आनखी खून?"

बिभीषणने खूप प्रयत्न केला. एकदा त्याने 'डावा गुडघा दुखतो' असे सांगून पाहिले. तो उजवा निघाला. बाकीचे मालकही हळूहळू लिंबाकडे तोंड करून आपापली उजळणी करू लागले. शेवटी भगवानरावांनी नियमातली पुढची तरतूद वापरली: मालकाला जनावर ओळखता येत नसेल, तर जनावर मालकाला ओळखते काय ते पाहावे. जनावर मोकळे सोडावे.

चंद्रभागाबाईंना मोकळे सोडण्यात आले. अठरा मालक रांगेत उभे होते. त्या काठी टेकत सरळ बिभीषणपाशी गेल्या, त्याच्या गालफडाला हात लावला आणि म्हणाल्या, "वाळलास की रं. खातोस का न्हाई टायमावर?"

भगवानरावांनी लिहिले: ओळख पटली.

नियमाप्रमाणे ओळख पटलेल्या मालकाने हजेरी द्यायची असते. टेम्पो रिकामा परत पाठवून बिभीषण दोन रात्री राहिला. पहिल्या दिवशी तो फोन बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या पायाला तेल चोळले, उजव्या गुडघ्याला. 'बोलायचं काय न्हाई' म्हणणाऱ्या चंद्रभागाबाई दोन दिवस एक मिनिट थांबल्या नाहीत. पथकाने आम्हाला 'अ' दर्जा दिला. शेरा: जनावरे समाधानी, रवंथ चांगला.

आणि मग चूक उघडकीस आली. वरून पत्र आले, की माणसांची तपासणी जनावरांच्या नमुन्यात करणे हा माणुसकीचा अपमान आहे. सबब झालेली सर्व कार्यवाही झालीच नाही असे समजावे. माणुसकी तात्काळ पूर्ववत करण्यात आली. पाणी पुन्हा वीस लिटरवर आले. हजेरीची सक्ती उठली, हे कळल्यावर दुपारच्या गाडीने बिभीषण गेला. बाकीचे सकाळच्याच गाडीने गेले होते.

यथावकाश खरा नमुना आला. त्यात पंखे आहेत काय, प्रथमोपचार पेटी आहे काय, तक्रारपेटी आहे काय, असे चाळीस प्रश्न होते. तक्रारपेटी आहे. तिला कुलूप आहे. किल्ली हरवल्याने एकही तक्रार निघाली नाही. 'नातेवाईक भेटतात काय?' यापुढे छापील उत्तर एकच होते: 'ऐच्छिक.' आम्हाला पुन्हा 'अ' दर्जा मिळाला. या वेळी सत्कारही झाला.

बिभीषण दावे विसरून गेला. चंद्रभागाबाईंनी ते दोन खांबांना बांधून त्यावर लुगडे वाळत घालायला सुरुवात केली आहे. "असू दे," म्हणतात. "पुन्ना न्यायला आला तर लागंल."

सबब, संस्थेने वरिष्ठांकडे अर्ज केला आहे, की आश्रमातील एकोणीस व्यक्तींची माणूस या वर्गातील नोंद कमी करून त्यांना कायमस्वरूपी मोठे जनावर (सुंदरबाईंसह) या वर्गात घ्यावे. तो मंजूर होणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

म्हणून दुसरी विनंती वाचकांस. आपल्या मोबाईलवर आजवर असा संदेश आला नसेल, तर त्याचा अर्थ आपले जनावर सुखात आहे असा नव्हे. आमच्याकडे आपला नंबर नाही, इतकाच आहे. तरी आपण आपला चालू नंबर आणि आपल्या जनावराची एक खूण (लिंबाच्या झाडाकडे तोंड करून, न विचारता) सकाळी दहा ते पाच या वेळेत समक्ष येऊन नोंदवावी, ही नम्र विनंती.