मांजरपाटाचं माहेर

संगप्पाअण्णांच्या दुकानात मांजरपाट मागितला, की आधी मांजराचा विषय निकाली काढावा लागे. हुमनाबादच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आमच्या घराला लागूनच होतं. अण्णा आता नाहीत, पण ते प्रवचन मला अजून पाठ आहे. या कापडाचा मांजराशी संबंध नाही, पाटाशीही नाही. तेलुगू मुलखात, गोदावरी समुद्राला मिळते तिकडे मादापोल्लम नावाचं गाव आहे. कापड तिथलं; नावाची ही दशा आपल्या तोंडांनी केली. एवढं ऐकून घेतल्याशिवाय अण्णा गजाला हात लावत नसत.

गिऱ्हाइकांच्या गाड्या चुकत. रजईच्या अस्तराला आलेली एक म्हातारी म्हणाली, ‘‘अण्णा, कापड फाडा की. मांजर कुठलं का असंना, थंडी हितं वाजायलीय.’’ अण्णांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गावाचं नाव बरोबर सांगणाऱ्याला हातभर कापड जास्त मिळे, म्हणून बाजाराच्या दिवशी लोक पायरीवरूनच ‘मादापोल्लम’ ओरडत चढत. लुगडं घ्यायला आलेलेसुद्धा.

एकदा लातूरहून आलेला कापडाचा दलाल म्हणाला, असं गावच नाही. अण्णांनी दुकानाला कुलूप घातलं, मांजरपाटाचा एक तागा काखेत मारला आणि बस, रेल्वे करत ते गाव गाठलं. तिथे ते कापड कुणी ओळखलं नाही. एका हॉटेलवाल्याने टेबलं पुसायला बरं म्हणून भाव तेवढा विचारला. तरी अण्णा खुशीत परतले. ताग्याला त्याचं गाव दाखवून आणलं होतं. आता तो विकायचा नाही, म्हणाले.

त्यांची बायको गंगाक्का ताट वाढत होती. मी तिथेच बसलो होतो. वर न बघता ती म्हणाली, ‘‘कापडाला माहेरी नेऊन आणलाव. मला कवा न्यायलाव?’’

दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून ती कित्येक वर्षं माहेरी, दुबलगुंडीला गेली नव्हती. आणि दुबलगुंडी तर आमच्याच तालुक्यात.

दुसऱ्या दिवशी दुकान पुन्हा बंद. परत आल्यावर अण्णा माझ्याकडे येऊन बसले. दुबलगुंडीच्या वेशीत कुणी म्हातारीने ‘चंद्रव्वा’ अशी हाक मारली होती, आणि गंगाक्का पळत गेली होती. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. आधीचं कोणी विचारत नाही.

‘‘मास्तर,’’ अण्णा म्हणाले, ‘‘मी इचारलोच न्हाई.’’

पुढे गंगाक्का गेली, तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. जो तो गंगाक्काबद्दल बोलू लागे आणि अण्णा त्याला थांबवत. ‘‘चंद्रव्वा. दुबलगुंडीची.’’ मुडबीचे पाहुणे तर चुकीच्या घरी आलो की काय म्हणून दारातच परत चपला घालू लागले. अण्णांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, आणि चंद्रव्वा कोण ते सांगू लागले.