वळण तेवीस किलोमीटर पुढे

रस्ता आखणाऱ्या साहेबांनो, दोष तुमचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी सगळं मास्तरांच्या गळ्यात मारायला नको. मास्तर अगदी धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही, पण त्यांच्याकडे नंतर येतो. तुम्ही सहा पदरी रस्ता बांधलात, मधोमध छातीइतका कठडा घातलात, कठड्यात फुलझाडं लावून त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतलेत, आणि चुकलेल्या माणसानं परत फिरायचं कुठून, एवढंच विसरलात. तेवीस किलोमीटर. आपण चुकलोय हे पक्कं कळलेलं असताना त्याच चुकीत तेवीस किलोमीटर सरळ जात राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या गाडीला ड्रायव्हर असतो.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. बावीस वर्षं गळ्यात शिट्टी. त्यामुळे घरातही चार माणसं एकत्र दिसली की त्यांना रांग दिसायची. बायको इस्पितळात परिचारिका. ती रात्रपाळी संपवून थेट गाडीत बसली होती आणि शहर संपायच्या आत झोपली होती. मागे थोरली आणि धाकटा. थोरलीला अठरा पूर्ण झाली होती आणि आठ दिवसांनी ती शिकायला लांबच्या शहरात जाणार होती. आगगाडीनं दीड दिवस लांब. धाकटा चौदाचा. त्याचा आवाज फुटत होता, आणि कुठल्या शब्दाला कुठला आवाज निघेल याची त्याची त्यालाच खात्री नसायची.

तळ्याकाठचं विश्रामगृह, दोन दिवस. दर सुट्टीत तिथंच. पण यंदा मास्तरांच्या मनात वेगळंच होतं. थोरलीशी बोलायचं होतं. महिनाभर रोज ते तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, “पंखा बंद करत जा,” एवढं सांगायचे आणि परत यायचे. नऊशे पोरांना एका शिट्टीत गप्प करणारा माणूस, पण एका पोरीसमोर बोलणं पंख्याच्या पुढे जाईना. ती एकदा गेली की सुट्टीला येईल ती पाहुणी म्हणून, आणि पाहुण्यांशी असलं काही बोलता येत नाही, हे त्यांना कळत होतं. हातात हे दोनच दिवस होते.

सहलीचे कायदे मास्तरांनी पोरं लहान असताना केले होते आणि पोरं मोठी झाली तरी रद्द केले नव्हते. निघताना सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात, डबा डिकीत, आणि डिकी उघडायची ती मुक्कामी. दुसरा कायदा हजेरीचा. प्रत्येक थांब्यानंतर मास्तर एक, बायको दोन, थोरली तीन, धाकटा चार. चारी आकडे आले की गाडी हलणार.

आता अठरा वर्षांच्या मुलीनं भर रस्त्यात ‘तीन’ म्हणायचं म्हणजे शोभतं का. तिनं ते केव्हाच सोडलं होतं. पण आकड्यावाचून गाडी हलेना, म्हणून ते काम धाकट्यानं अंगावर घेतलं होतं. बारीक आवाजात ‘तीन’, मग आपल्या आवाजात ‘चार’. मास्तरांना पत्ता नव्हता, कारण ते हजेरी पुढे बघून घ्यायचे. हजेरीपुस्तकावर जन्म काढलेल्या माणसाचं हे असंच होतं. पटावर पोर आहे ना, मग वर्गात आहे की नाही हे कोण बघतो?

त्यात निघतानाच दोघा भावंडांची जागेवरून जुंपली होती. आईनं डोळे मिटण्याआधी दोघांच्या मधोमध बॅगांची भिंत रचली आणि आता मला तुमचे आवाज नकोत नि तुम्हाला एकमेकांची तोंडं नकोत, असं सांगून मान टाकली. थोरली मास्तरांच्या मागे दोन उशांत शिरली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून बसली.

दोन तासांनी पेट्रोलपंपावर थांबले. थोरली उतरली. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग होती, ती रांगेत उभी राहिली. धाकटा पाय मोकळे करून आला आणि बॅगांवर डोकं टेकून पडला. मास्तरांनी टायरची हवा बघितली, काच पुसली, बसले. आरशात फुगलेलं पांघरूण दिसत होतं.

“एक,” मास्तर म्हणाले.

“दोन,” बायको झोपेतच म्हणाली. इस्पितळात काम करणाऱ्याला झोपेत उत्तर द्यायची सवय असते.

“तीन,” बारीक आवाज आला.

“चार,” घोगरा आवाज आला.

गाडी हलली.

चारेक किलोमीटर झाले नाहीत तोच डिकीत डबा वाजायला लागला. पत्र्यात फोन वाजला की शाळा सुटल्यासारखं वाटतं. बायको पुटपुटली की काहीतरी वाजतंय. मास्तर म्हणाले, वाजू दे, हेडमास्तर असतील. डबा थांबला, पुन्हा वाजला. असा पाच वेळा वाजला आणि पाचही वेळा मास्तरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. बघा, उचलला असता तर गेली असती ना सहल?

मग गाडीत शांतता झाली. रस्ता मोकळा. मास्तरांना वाटलं, हीच वेळ. इथं डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, नजर रस्त्यावर ठेवून बोलता येतं.

“थोरले, ऐकतेस ना?” ते म्हणाले.

पांघरूण काही बोललं नाही. नको म्हणाली नाही, म्हणजे ऐकतेय. मास्तरांनी सुरुवात केली ती पहाटे उठण्यापासून. मग खोलीची कडी, मग लोळून वाचू नये, मग मैत्रिणी कशा निवडाव्या. एरवी दुसऱ्या वाक्याला “बाबा, पुरे,” म्हणणारी पोर आज अकरा किलोमीटर निमूट ऐकत होती. मास्तरांना भरून आलं. किती समजूतदार झाली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या भरात त्यांची जीभ सैल सुटली.

“चौथीत तुला धावण्याच्या शर्यतीत मी बाद केलं होतं,” ते म्हणाले. “आठवतं? पाय रेषेच्या पुढं गेला म्हणून. नव्हता गेला. मला दिसत होतं. पण लोक म्हणाले असते, मास्तरांचीच पोर म्हणून पहिली आली. तू घरी येऊन जेवली नव्हतीस. नऊ वर्षं झाली गं, मी अजून ती रेषा आखताना...” त्यांनी उगाच गिअर बदलला. “आणि आता तू जातेस, त्याचं मला—”

आणि साहेब, नेमका तिथं तुमचा गतिरोधक आला. पाटी नाही, पांढरा पट्टा नाही, काही नाही. गाडी हातभर उडाली. मागे धप्पकन काहीतरी पडलं आणि मास्तरांना आरशात थेट मागची काच दिसली.

“लागलं का गं?” मास्तरांनी विचारलं.

धाकट्यानं भिंतीवरून डोकावून पाहिलं. “बाबा,” तो म्हणाला, “उशी पडलीय.”

“आणि ताई?”

“ताई नाहीये. नुसती उशी आहे.”

“मग तीन कोण म्हणालं?”

“मी.”

“आणि चार?”

“तेही मीच. सहावीपासून मीच म्हणतोय.”

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. बायको जागी झाली ती एकदम पुरती जागी झाली. तिनं आरडाओरडा केला नाही. थांबून किती वेळ झाला, पोरीच्या अंगावर काय होतं आणि डिकीची किल्ली कुठंय, एवढं विचारलं, आणि आधी डिकी उघड म्हणाली. डब्यातल्या मास्तरांच्या फोनवर एकाच अनोळखी नंबराचे पाच फोन होते. लावला, तर कुणी बाई. ती म्हणाली, हो, एका मुलीनं मागितला होता फोन, दिला मी, पण मी आता तिथून निघालेय. मुलगी रडत होती का, असं बायकोनं विचारलं. बाई म्हणाली, छे, आईबाबा हरवलेत म्हणत होती.

समोरच पाटी होती. वळण, तेवीस किलोमीटर.

तेवीस किलोमीटर सरळच जावं लागलं. वळून पुन्हा उलटे आले आणि पंप दिसला. कठड्याच्या पलीकडं. थोरलीही दिसली. स्वच्छतागृहाच्या पायरीवर बसली होती, तळहातावर हनुवटी. मध्ये सहा पदर, कठडा आणि तुमची फुलं. मास्तर गाडीतून उतरले, त्यांनी दोन्ही हात हलवले. तिनं पाहिलं, उठून उभी राहिली. ट्रकांच्या आवाजात हाक पोचणार नव्हती. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली.

शाळेत एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांब. दोन लांब शिट्ट्या म्हणजे पुढे चल. हे त्यांनीच ठरवलेलं. त्यांनी एक लांब शिट्टी मारली. पण श्वास मध्येच तुटला, म्हणून उरलेली पुन्हा मारली. पलीकडं थोरलीनं क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. मास्तरांना हायसं वाटलं.

एवढ्यात रस्त्यावरचा पहारेकरी मोटारसायकलवरून आला. इथं गाडी थांबवता येत नाही, असं म्हणाला. मास्तरांनी मुलगी पलीकडं राहिल्याचं सांगितलं. त्यानं वही काढली.

“वय किती मुलीचं?”

“अठरा.”

त्यानं वही मिटली. “अठरा वर्षांची मुलगी हरवत नसते, साहेब. जाते.”

तो सरळ बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मास्तर त्या वाक्यानं रस्त्यातच असे उभे राहिले की बायकोनं त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि पुढची गाडी तिनं चालवली. पलीकडचं वळण आणखी सतरा किलोमीटरवर होतं. तिथून फिरून पंपावर पोचेपर्यंत दोन्ही काटे बारावर आले होते.

पायरी रिकामी होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ती होय? तळ्याकडं जाणारी बस आली, तिनं गेली. म्हणाली, बाबांनी दोन शिट्ट्या मारून पुढं जायला सांगितलंय. मी म्हटलं थांब, तर म्हणते, नाही, शिट्टीचं ऐकावं लागतं आमच्याकडं.”

बायकोनं मास्तरांकडं पाहिलं. धाकट्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात घातली.

उरलेल्या वाटेत बायकोनं एकच प्रश्न विचारला. मी झोपले होते तेव्हा तू कुणाशी बोलत होतास? उशीशी, असं मास्तर म्हणाले. तिला वाटलं चेष्टा करतोय, आणि दिवसभरात पहिल्यांदा ती हसली. धाकटा मागून काही बोलणार होता, पण त्यानं गिळलं. त्यानं ते अकरा किलोमीटर शब्दन्‌शब्द ऐकले होते. भिंतीपलीकडं ताई मुसमुसत असेल असं वाटून त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला होता.

विश्रामगृहाच्या दारात यंदाचा नवा व्यवस्थापक उभा होता. मास्तर नाव सांगायला गेले, तर तो म्हणाला, “तुम्ही मॅडमबरोबरचे का? या, या. खोली उघडून दिलीय त्यांना.” आणि त्यानं वही पुढे केली. ‘खोली घेणाऱ्याचं नाव’ या रकान्यात थोरलीचं नाव, थोरलीची सही. ‘सोबतची माणसं’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, तीन, उशिरा येतील. आजवर त्या वहीत सही मास्तरांचीच असायची.

वर खोलीत चारी गाद्या घातलेल्या होत्या, खिडक्या उघडलेल्या, माठ भरलेला. थोरली आली, आईच्या गळ्यात पडली, धाकट्याच्या डोक्यात टपली मारली. मास्तर दारातच उभे.

“पाच वेळा फोन केला,” ती म्हणाली.

“कायदा,” धाकटा म्हणाला.

आई अंग टाकते म्हणाली आणि गादीवर पडताक्षणी झोपली. धाकटा थोरलीला घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ दोघांची कुजबूज चालली होती. मास्तर उगाच बॅगा इकडच्या तिकडं लावत होते. पंखा लागलेला होता. त्यांनी तो बंद केला, मग पुन्हा लावला.

थोरली आत आली. मास्तरांच्या हातातली बॅग तिनं खाली ठेवली, एक खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि बसली.

“धाकट्यानं सांगितलं सगळं,” ती म्हणाली. “शर्यतीचं मला तेव्हाच माहीत होतं, बाबा. रेष मलाही दिसत होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं तोंड बघून. तुम्हीच हरल्यासारखे दिसत होतात.”

मास्तर तिच्याशेजारच्या भिंतीकडं बघायला लागले. ती खुर्चीसकट सरकून त्यांच्या नजरेसमोर आली. नऊशे पोरांना उभं आडवं करणाऱ्या माणसाला पळायला जागा उरली नाही.

“पण पुढचं त्याला ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “गाडी उडाली म्हणतो. ‘तू जातेस, त्याचं मला’ इथपर्यंतच आलं त्याच्या कानावर. मी आता समोर बसलेय, उशी नाहीये. त्याचं तुम्हाला काय, बाबा?”