ली की लं

संध्याकाळी मुलीचा निरोप यायची वेळ झाली की काकू घरातला पंखा, ट्यूबलाइट, मोबाइलचे चार्जर, सगळे एकेक करून बंद करत. फ्रिजसुद्धा. मग मागच्या खोलीत नवरा, जावई आणि त्या स्वतः लॅपटॉपच्या उजेडात दाटीवाटीने बसत आणि रेडिओतली खरखर ऐकत.

नवरा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर एक लांबलचक तार ताणली आणि खाली शॉर्टवेव्हचा संच मांडला. त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जाई, म्हणून इमारतीने त्यांना खरखरकाका म्हणायला सुरुवात केली. मुलगी देवमाशांची मोजदाद करणाऱ्या एका संस्थेच्या छोट्या बोटीवर होती. बोटीवरचा उपग्रहाचा फोन खारे पाणी जाऊन बंद पडला, तेव्हा ती निघताना काकांनी तिच्या गळ्यात मारलेला छोटा रेडिओ संच हाच काय तो घराशी दुवा उरला. काकांना मुलीची काळजी होतीच, पण फोन बंद पडल्याचे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते काकूंनी पाहिले होते आणि लक्षातही ठेवले होते.

जावई एका विमा कंपनीत कामाला होता. दिवसभर अपघातांचे अर्ज वाचायचे हेच काम असल्यामुळे कुठल्याही अर्धवट वाक्याचा शेवट त्याला वाईटच सुचे. बायको समुद्रावर गेल्यापासून तो सासुरवाडीलाच मुक्कामाला होता, कारण निरोप इथे येत.

निरोप येण्याची रीत काकांनी त्याला अनेकदा समजावली होती. तिकडचा लॅपटॉप अक्षरांचे सूर करतो. ते सूर आकाशात जातात, वरच्या एका थरावर आपटतात आणि इकडे खाली उतरतात. इकडचा लॅपटॉप त्या सुरांची पुन्हा अक्षरे करतो. प्रत्येक तुकडा मिळाल्यावर इकडून "पोचलं" असा उलटा सूर जातो, आणि तो गेला नाही तर तिकडून तोच तुकडा परत येतो. जावयाने सुचवले होते की मग निरोप इंग्रजी अक्षरांत लिहावेत, कारण एका मराठी अक्षराला हवेत तिप्पट जागा लागते. वेलांटी वेगळी, उकार वेगळा, अनुस्वार वेगळा, प्रत्येकाचे तिकीट वेगळे. काकांनी ते साफ नाकारले होते. मुलगी मराठीत लिहील आणि आपण मराठीत वाचू, मधले काय ते आकाश बघून घेईल, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या दिवशी आकाशाने काहीच बघून घेतले नाही. सूर्यावर वादळ उठले होते. मुलीला इकडचे "पोचलं" ऐकू जाईना, म्हणून तिने एकतर्फी पाठवण्याचा मार्ग धरला. अशा वेळी ती निरोप एकदा पाठवी, थोडे थांबून तोच पुन्हा एकदा पाठवी आणि संच बंद करी. खरखरीतून पहिल्या खेपेला जे हाती लागले ते असे होते:

"□□□□ □□□□□ □□□□□ पाण्यात बोट बुडाल□ □□□□□ सगळे धाव□ □□ आता फो□ □□□ □□□ काळजी क□□ □□"

तिघांनी ते पुन्हा एकदा वाचले.

"बोट बुडाली," जावई म्हणाला. "सगळे धावा करतायत."

काका म्हणाले की बोट बुडाली असती तर निरोप पाठवला कुठून? त्यावर जावयाने अगदी हळू आवाजात त्यांना आठवण करून दिली की जीवरक्षक होडीत बसूनसुद्धा चालेल असाच संच त्यांनी मुलीला दिला होता आणि तशी बढाई साऱ्या नातेवाइकांसमोर मारली होती. काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग चष्मा काढून ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. 'बुडाल'मधले गेलेले अक्षर शेवटचे होते, आणि तेही पुरते गेले नव्हते. 'ल' आला होता, त्याच्यावरचे काहीतरी वाटेत पडले होते.

"हे 'लं'सुद्धा असू शकतं," ते म्हणाले. "बोट बुडालं. हाताचं बोट."

"पाण्यात बोट बुडालं, हे कोण घरी कळवतं हो?" काकू म्हणाल्या. "रोज अंघोळ करते ती."

काकांनी चष्मा पुन्हा चढवला.

जावयाने संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ली की लं?" तेच तर कळत नाहीये, असे जावयाने सांगितले. अधिकारी म्हणाला की शोधाचे विमान पाठवायचे तर उजेड आहे तोवर निघायला हवे. भाजल्या-कापल्या बोटासाठी विमान पाठवले तर त्याची नोकरी जाईल, आणि बुडालेल्या बोटीसाठी पाठवले नाही तर त्याला आयुष्यभर झोप लागणार नाही. वैमानिकाला बसवून ठेवतो, दुसरी खेप नीट ऐका आणि फोन ठेवू नका, असे तो म्हणाला. जावयाने फोन कानाला लावला तो लावलाच.

आता सगळे दुसऱ्या खेपेवर होते. आकाशाचे काही करता येण्याजोगे नव्हते, पण खरखरीतला निम्मा वाटा आकाशाचा नव्हता, हे काकांना पक्के ठाऊक होते. तो तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांनी दवाखान्यावर माणसाएवढा एक दिव्यांचा दात बसवला होता. तो लुकलुके, निळा होई, पुन्हा पांढरा होई, आणि तो लागला की काकांच्या रेडिओत मधमाश्यांचे मोहोळ उठे. काकांनी तक्रार केली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की रेडिओवाल्यांना जगातली कुठलीच चांगली गोष्ट बघवत नाही. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते.

काका खुर्चीतून उठून पुन्हा बसले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि त्या स्वतःच जिना उतरल्या. पाठोपाठ फोन कानाला लावलेला जावई.

खुर्चीत एक रोगी होता. त्याच्या गळ्यात कागदी लाळेरे होते आणि इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर झाला होता. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुमचा दात विझवा."

भांडण संपलेले नाही हे दाखवायला डॉक्टरांनी तोंड उघडले, पण काकूंचा चेहरा पाहून ते मिटले. काय झाले ते काकूंनी दोन वाक्यांत सांगितले. डॉक्टर लगेच उठले. अडचण अशी निघाली की दाताचे बटण एका पेटीत होते, पेटीला कुलूप होते आणि किल्ली वायरमन घेऊन गेला होता.

वेळ फार नव्हता. जावयाने जिन्याखाली जाऊन इमारतीचा मेन स्विचच खाली ओढला.

सगळी इमारत गप्प झाली. वरच्या मजल्यांवरून टीव्ही थांबल्याचा निषेध ऐकू आला. आणि त्या काळोखी दर्शनी भिंतीवर दात मात्र मजेत लुकलुकत राहिला. वीज गेली तरी गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी त्याला मोठी बॅटरी जोडून ठेवली होती. ही गोष्ट सांगताना त्यांना प्रथमच जरा ओशाळल्यासारखे झाले.

तेवढ्यात वरून काकांचा आवाज आला. त्यांचा रेडिओ बंद पडला होता. मेन कोणी ओढला असेल तर तो माणूस महामूर्ख आहे, असे त्यांचे मत होते. जावयाने वर पाहून मान खाली घातली.

या दोन संकटांवर एकच उपाय आहे हे सगळ्यांत आधी काकूंच्या लक्षात आले. "ती दाताची बॅटरी काढा," त्या म्हणाल्या, "आणि वर न्या."

डॉक्टर स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वायरी उपटल्या. दात विझला. बॅटरी चांगलीच जड होती, ती एका बाजूने डॉक्टरांनी आणि दुसऱ्या बाजूने लाळेरे घातलेल्या रोग्याने धरली. जावयाचा एक हात फोनला अडकलेला होता, म्हणून त्याने पुढे होऊन दारे उघडायचे काम केले. काकांनी दारात डॉक्टरांना पाहिले, बॅटरीला पाहिले आणि सरकून जागा करून दिली.

वायरी जोडल्या. रेडिओ लागला. एवढ्या वर्षांत काकांनी इतकी स्वच्छ शांतता ऐकली नव्हती. मोहोळ नाही, गुरगुर नाही, फक्त दूरवर समुद्रासारखी एक बारीक सरसर.

"वा," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले.

"म्हणजे, सिग्नल येईल आता," काका घाईने म्हणाले.

आणि तो आला. आधी शिट्ट्यांची एक बारीक गुंतवळ, मग स्क्रीनवर एकेक अक्षर. मधेच सूर विरत, पुन्हा वर येत. "□टा□े □□□ाना □□□त्या" इथवर आले तशी काकूंनी जावयाचा मोकळा हात घट्ट धरला. "पाण्यात" आले. "बोट" आले. "बु" आला, मग "डा". 'ल' आला आणि सूर पार बुडाल्यासारखा खाली गेला. सगळ्यांचे श्वास त्या 'ल'पाशी थांबले.

सूर परत वर आला. 'ल'च्या डोक्यावर काहीतरी उमटले.

"अऊवाअ," रोगी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"अनुस्वार म्हणतायत," डॉक्टर म्हणाले. उभ्या आयुष्यात ते अशाच तोंडांशी बोलत आले होते.

अनुस्वारच होता. पुढचे सगळे आपोआप उलगडले. बोटीवरचा स्वयंपाकी तापाने पडला होता, म्हणून मुलगी बटाटे उकडत होती. उकळत्या पाण्यात बोट बुडालं. ती किंचाळली तशी सगळे धावत आले. आता फोड आला होता, बाकी ती बरी होती. काळजी करू नका.

"लं, साहेब," जावई फोनमध्ये म्हणाला. "लं." पलीकडे अधिकाऱ्याने सोडलेला श्वास इतका मोठा होता की काकांना तो रेडिओतून आल्यासारखा वाटला. जावई भिंतीला टेकून खालीच बसला. काकू रडायच्या बेतात होत्या, पण लाळेरे घातलेला तो अनोळखी माणूस त्यांच्या आधीच डोळे पुसत होता, तेव्हा त्यांना हसू आले. काकांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. त्यांना बरेच काही बोलायचे होते, पण त्यांनी फक्त बॅटरी चांगली आहे असे सांगितले. डॉक्टर म्हणाले की आता ती इथेच राहू द्या, दात दिवसा दिसला तरी पुरे.

वादळ आता जरा ओसरले होते आणि मुलीने संच बंद करण्याआधी उत्तर जायला हवे होते. काका भरून आलेल्या मनाने लॅपटॉपपुढे बसले आणि त्यांनी लिहिले: "निरोप पोचला. तुझ्या आईचा जीव भांड्यात पडला."

शिट्ट्या उडाल्या. सगळे खुशीत होते. काकूंनी डॉक्टरांना आणि रोग्याला बसवून घेतले. रोग्याला काय खाता येईल यावर चर्चा सुरू झाली होती, तेवढ्यात पलीकडून उत्तर उमटू लागले. काही अक्षरे गळाली होती, पण अर्थाला कुठे धक्का लागला नव्हता.

"आई कु□ल्या भांड्यात पड□ी? खूप भाजलं का? डॉक्टर आ□ेत का जवळ?"

'आई' आणि 'भांड्यात' यांच्या मधला 'चा जीव' आणि 'पडला'तला 'ला' वाटेत समुद्रात सांडले होते, आणि मुलगी आत्ताच उकळत्या पाण्यातून बाहेर आली होती.

काकांनी बाह्या सरसावल्या. जीव भांड्यात पडणे हा एक वाक्प्रचार आहे, असे सविस्तर लिहायला त्यांनी सुरुवात केली. जावयाच्या चेहऱ्यावर पुन्हा अपघाताचा अर्ज उमटू लागला. काकूंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा तुम्ही," त्या म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या आणि एका बोटाने शोधत शोधत त्यांनी टंकले: "आई बरी बरी बरी बरी बरी बरी." त्यातली एक तरी पोचेल, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले आणि बटण दाबले.

थोडा वेळ नुसती सरसर होती. खाली कोणीतरी मेन वर केला, इमारतीत उजेड आला, टीव्ही पुन्हा बोलू लागले. मग स्क्रीनवर सावकाश अक्षरे आली:

"□रं बरं □□ बरं ब□ं."

गळालेली अक्षरे कोणती, हे कोणीच विचारले नाही. काकू फ्रिज लावायला उठल्या.