सबनीसांच्या पाइनची बदली

सबनीससाहेबांच्या घरातलं घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असतं. बंद नाही, अगदी व्यवस्थित चालतं. पण किती वाजले हे बघायचं तर त्याच्यावर वाकावं लागतं. कॅलेंडर खुर्चीला टेकवून ठेवलेलं, त्यामुळे त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. आरसा खिडकीच्या कट्ट्यावर. दाढी करताना साहेब गुडघ्यात वाकून उभे असतात. कारण एकच. त्या घराच्या भिंतींत एकही खिळा नाही.

"खिळा ठोकला आणि बदली आली तर?" साहेब विचारतात.

अडचण एवढीच, की साहेबांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आहेत.

कर्जतला नदीच्या अंगाला पारूकाकीचं दुमजली घर आहे. खाली काकी, वर आम्ही दोन भाडेकरू, मी आणि समोरच्या दारात सबनीस. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला खोड आहे, आणि ती मी लपवतही नाही. कधी विरजण, कधी कोथिंबीर, असं काहीतरी निमित्त काढून मी साहेबांकडे जाते आणि नव्याने चक्रावून परत येते.

साहेब सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. दुसऱ्यांच्या बदल्यांचे आदेश तयार करायचे हे त्यांचं काम, आणि दर तीन वर्षांनी त्यांत स्वतःचाही एक. शेवटची नेमणूक खालापूरला. प्रत्येक गावच्या निरोपसमारंभात त्यांना एक सुटकेस मिळायची. त्या सगळ्या पलंगाखाली आहेत आणि साहेबांचे कपडे अजून त्यांतच असतात. निवृत्तीच्या वेळी मात्र ऑफिसात कुणाला काय सुचलं कोण जाणे, सुटकेसऐवजी झाड दिलं. जपानी पाइनचा बॉन्साय. जेमतेम दोन विती उंच, खोड वाकडं, अंगावर सुयांचे झुपके.

पारूकाकी त्याला सुरू म्हणते. "अलिबागला जा, ढीगभर हायेत. ह्याच्यापरीस धा पट मोटी."

साहेबांच्या लेखी मात्र तो खात्यातला माणूस आहे. सकाळी उन्हात ठेवला की तो 'फील्डवर' असतो. आमच्याकडचा धो धो पाऊस सुरू झाला आणि पत्र्याखाली घेतला की 'अर्जित रजेवर'. मातीत बोट खुपसून ओल बघायची, तिला 'तपासणी' म्हणायचं. घरी कुणी आलं की ओळख करून देतात, "हे आमचे कनिष्ठ सहकारी." एकदा गॅसवाल्याने त्या झाडाला चक्क नमस्कार केला.

आता एवढी बडदास्त ठेवणारा माणूस, पण कुंडी बदलायला काही तयार नाही! पाइनची कुंडी दोनतीन वर्षांनी बदलावी लागते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. इथे आठ वर्षं तीच. मुळं खालच्या भोकांतून बाहेर डोकावू लागली. पाणी घातलं की मुरेनाच, वर तळं साचायचं. सुया पिवळ्या पडायला लागल्या. हे असंच राहिलं तर झाड मरणार, हे मला कळत होतं आणि त्यांना तर माझ्याआधी कळलेलं होतं. तरी विचारलं की उत्तर तयार. पावसाळ्यात म्हणायचे, "हवा रोगट आहे." दिवाळीत म्हणायचे, "सणासुदीला कुणाला हलवत नाहीत." हिवाळा संपता संपता योग्य वेळ आली की, "छे छे, मार्च एन्ड तोंडावर आहे!"

मी एकदा सरळच विचारलं, "साहेब, तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?"

त्यांनी कुंडीतली एक गळलेली सुई उचलली. मग म्हणाले, "बदली झालेला प्रत्येक जण रुजू होतोच असं नाही हो." आणि आत निघून गेले. मला एवढ्याने चैन पडणार नव्हतं, पण दार लोटलं गेलं होतं.

या जानेवारीत एका सकाळी त्यांनीच माझी बेल वाजवली. ओंजळीत पिवळ्या सुया होत्या. चेहरा उतरलेला.

"आदेश काढावा लागेल," ते म्हणाले.

रविवारी गॅलरीत तयारी झाली. जराशी मोठी, पसरट कुंडी. चाळलेली जाड वाळू, विटांचा चुरा, भोकांवर लावायला जाळी, झाड बांधून ठेवायला तार. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. बोलावणं नसताना पारूकाकीही वर आली. ती मूळची पोशीरची, तिकडे तिची भातशेती आहे, आणि जन्मभर भातलावणी केलेली असल्याने या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असं तिचं मत.

"एवढंसं झाड आनि एवढा सरंजाम," ती म्हणाली. "लगीन लागतंय का काय गं?"

साहेबांनी झाड उपसलं. मुळांची गोल चुंबळ झाली होती. काडीने ती सोडवून साहेब एकेक मूळ कात्रीने छाटू लागले. प्रत्येक मुळाला हलक्या आवाजात "माफ करा" म्हणत होते. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. तेवढ्यात काकीला आतल्या मातीत पांढरं काहीतरी दिसलं.

"अगं बाय, बुरशी लागलीय की! आना हिकडं." कुणाला काही कळायच्या आत तिने झाड उचललं आणि बादलीत बुचकळलं. "लावनीला आमी रोपं खळखळून धुतो, तवा ती..."

"काकी! सोडा त्याला!"

साहेबांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. खालच्या गल्लीत दोन जणांनी वर पाहिलं. काकीने झाड सोडलं खरं, पण एका बाजूची माती धुऊन गेली होती.

साहेबांनी झाड दोन्ही हातांत धरून छातीशी घेतलं. शर्टाचा चिखल झाला. मग त्यांचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "ती बुरशीच आहे काकी, पण ती त्याची सोबत आहे. तिच्यावाचून पाइनला नवी माती मानवत नाही. जुनी थोडी माती बरोबर न्यावीच लागते. नव्या गावात एक तरी ओळखीचं माणूस लागतं ना, तसं."

काकीने बादली बाजूला सरकवली. खाली जाताना मला म्हणाली, "मेलं तर माज्या डोक्यावर गं."

उरलेल्या जुन्या मातीसकट झाड नव्या कुंडीत बसलं. सावलीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. साहेब म्हणाले, "जॉइनिंग टाइम." रोज सकाळी काकी जिना चढून यायची आणि दारातूनच विचारायची, "काय म्हनतंय?" साहेब मान हलवायचे. आणखी सुया गळत होत्या. साहेबांचं जेवण कमी झालं, म्हणून मी आमटीची वाटी नेऊन देऊ लागले. मला त्यांची काळजी वाटत होती, झाडाइतकीच.

असाच एकदा वाटी परत घ्यायला गेले, तेव्हा ते आपणहून बोलू लागले.

"बायको आणि मुलगी नाशिकला. मुलीची शाळा बुडू नये म्हणून त्या दोघी तिथेच राहिल्या, मी गावोगाव. निवृत्त झालो आणि घरी गेलो. फार प्रेमाने केलं हो सगळं माझं. पण दांडीवर माझा टॉवेल टाकायला जागा नव्हती, कुणाचा तरी सरकवावा लागायचा. एक दिवस चहा देताना बायकोने विचारलं, 'या वेळी किती दिवस आहात?'" ते हसले. "सवयीने विचारलं तिने. लगेच जीभ चावली. रडली बिचारी. पण मला तो प्रश्न खराच वाटला. खालापूरला असताना घेतलेली ही खोली होतीच. आलो."

मी वाटी उचलली. इतक्या वर्षांत मी विरजण मागितलं, कोथिंबीर मागितली, आणि हे विचारलं नव्हतं.

फेब्रुवारी अर्धा सरला आणि एका सकाळी गॅलरीतून हाक आली. फांद्यांच्या टोकांना फिकट हिरवे कोंब उभे राहिले होते, केकवरच्या मेणबत्त्यांएवढेसुद्धा नाहीत. धुतलेल्या बाजूलाही दोन.

"रुजू झाले!" साहेब म्हणाले. काकीने खालूनच विचारलं, "जगलं का?" आणि उत्तराची वाट न बघता पदराने डोळे पुसले.

त्याच दुपारी साहेब माझ्या दारात. "हातोडी आहे का? आणि दोन खिळे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण हातोडी दिली. जिन्यात काकी उभी होती, तिच्या भिंतींना भाडेकरूने नखही लावलेलं तिला खपत नाही. ती म्हणाली, "ठोका सायेब. भिंत काय पळून जात नाय."

"एक घड्याळाला," मी म्हटलं. "दुसरा कशाला?"

साहेब खिळ्याचं टोक बोटाने बघत होते. "बायकोला फोन केला. म्हटलं, इकडे ये. तिचा टॉवेल टांगायला हवा ना."

"येतायत का?"

"अजून काही बोलली नाही. विचार करते म्हणाली." ते घरात शिरले आणि भिंतीवर जागा शोधू लागले. "पण जागा रिक्त आहे हे आपण आधी दाखवावं लागतं. मगच कुणी रुजू होतं."

मग त्यांनी खिळा धरला, आणि पहिलाच घाव अंगठ्यावर मारून घेतला.