व्याही बोलत राहिले पाहिजेत

रवींद्रच्या गाडीतल्या सीडी प्लेयरची सगळी बटणं केव्हाच मेली होती. चालू-बंदच्या बटणाच्या जागी एक बारीक दांडी उरली होती. ती पकडीने दाबली की प्लेयर बंद व्हायचा, म्हणून पक्कड कायम गियरजवळ असे. आज होणारे व्याही गाडीत बसणार, म्हणून बायकोने, मायाने, गाडी लख्ख केली आणि पक्कड घरात नेऊन ठेवली. एवढी टापटीप तिने आजवर कधी दाखवली नव्हती.

विठ्ठलवाडीला पोपटराव आणि शीलाताई जयभीम करून बसले. टेंभी नाक्याजवळचा हॉल बघून आजच रवींद्रची पायल आणि त्यांचा सुशांत यांच्या लग्नाची तारीख पक्की करायची होती. मुलाने, प्रेमने, रवींद्रच्या फोनमधली सगळी गाणी सीडीवर घालून दिली होती. सहा गाणी झकास वाजली. मग स्पीकरमधून रवींद्रचाच आवाज आला, "हॅलो, सिलिंडर बुक करायचाय."

"अरे, हे तर तुम्हीच!" पुढे बसलेले पोपटराव हसले.

रवींद्रही हसला आणि लगेच त्याचा हात गियरजवळ पक्कड शोधू लागला. त्याच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. प्रेमने गाण्यांसोबत तेही भरले होते. आणि रविवारी, व्याह्यांकडून चहा पिऊन आल्यावर, त्याने बहिणीला, सगुणाला फोन केलेला!

गाडी बंद करावी, तर ती धक्का मारल्याशिवाय परत चालू होत नसे. त्यात शिळफाट्याला मागेपुढे ट्रक. प्लेयरच्या पडद्यावर अक्षरं सरकली, 'सगुणा'.

"पोपटराव," रवींद्र जवळजवळ ओरडला, "तुमच्या सोसायटीच्या टाकीचं काय झालं हो?"

"ते सांगितलं ना रविवारी."

"परत सांगा! पहिल्यापासून!"

असं आमंत्रण पोपटरावांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मांडीवर थाप मारून सुरुवात केली. "तर काय झालं, मी चेअरमनला म्हटलं..."

स्पीकर बोलू लागला, "सगुणा, पोरगा सोन्यासारखा आहे गं. पण बाप! दोन तास एकटाच बडबडत होता..."

"...म्हटलं, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो!" पोपटराव गरजले.

"...डोकं उठवलं नुसतं. त्यांची बायको बिचारी एक शब्द बोलली नाही..."

मागे मायाला खोकल्याची उबळ आली. "मग? मग काय झालं?" रवींद्र विचारत राहिला, आणि पोपटराव टाकीवरून पंपावर, पंपावरून सेक्रेटरीच्या मेव्हण्यावर गेले. कॉल संपला, पुन्हा गाणं लागलं, तरी त्यांचं चालूच होतं. या माणसाच्या बडबडीवर आपलं इतकं प्रेम बसेल, असं रवींद्रला वाटलं नव्हतं.

हॉल आला. पोपटराव मेव्हण्याची गोष्ट मायाला सांगत जिना चढले. शीलाताई मात्र गाडीपाशीच थांबल्या.

"भाऊ, मी ऐकलं सगळं."

पोरीचं लग्न आपल्याच तोंडाने मोडलं! "ताई, चुकलो मी. माफ करा. तारखेचं तुम्ही म्हणाल तसं."

शीलाताईंनी जिन्याकडे बघितलं. वरून पोपटरावांचा आवाज येतच होता.

"पुढच्याच महिन्यातली धरा," त्या हळूच म्हणाल्या. "एकतीस वर्षं एकटी ऐकतेय. आता जोडीला कुणीतरी पाहिजे."