घागरभर खीर

"संगणकाला अक्कल नसते आज्जी. त्याला एकेक पायरी सांगावी लागते," नववीतली दीपमाला म्हणाली.

"म्हणजे आपल्या रत्नपालवानीच की," इंदिराबाई म्हणाल्या. रत्नपाल त्यांचा मुलगा, दीपमालाचा बाप. तो शेजारीच बसून चहा पीत होता.

जनवाड्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेची खीर इंदिराबाईंची, हे पंचवीस वर्षं ठरलेलं. त्यांच्या हातून कोणी खिरीवाचून परत गेला नव्हता, आणि हे त्या कोणी न विचारताही सांगत. मागच्या साली मात्र खीर झाल्यावर नालीतून प्लास्टिकचे चौऱ्याण्णव पेले निघाले. ते दीपमालानं मोजून वहीत लिहिले. यंदा शाळेत बाईंनी सांगितलं होतं, प्रश्नाचे तुकडे करा, नियम लिहा, लोकांना समजेल असं सांगा.

दीपमालानं नियम भोंग्यावरून दोनदा वाचला. "घरून भांडं आणा. भांडं असेल तर भरून खीर. नसेल तर खीर न्हाई."

लोकांना समजलं. जरा जास्तच समजलं.

सर्वांत पुढे दूध विकणारे अंकुशराव, हातात घागर.

"काका, हे भांडं हाय व्हय?" डाव घेऊन खीर वाढायला बसलेल्या रत्नपालनं विचारलं.

"मग काय हाय? पितळेचं हाय. बघ की वाजवून."

रत्नपालनं भिंतीवर चिकटवलेला नियमाचा कागद पाहिला. भांडं आहे? आहे. मग भरून. घागर भरली. ते पाहून वाट्या आणलेले लोक वाट्या घेऊन घरी पळाले आणि पातेली, बादल्या घेऊन परतले. एका घरानं तर लग्नातलं तपेलं दोघांनी धरून आणलं. कोणी काय आणलं ते दीपमाला नावासकट लिहीत होती. अकराव्या माणसाला कढई खरवडल्याचा आवाज आला. रांगेत अजून दीडशे जण.

"काय करायलास रे! डोकं हाय का न्हाई?"

"आई, नियमात डोक्याचं कायबी लिवलं न्हाई."

पंचवीस वर्षांचा मान कढईच्या बुडाशी लागला होता. इंदिराबाईंनी दुकानात माणसं पळवली. तिथं दुधाची लहान पाकिटंच उरली होती, ती सगळी आली. साखर आली, शेवया आल्या. खीर पुन्हा शिजली आणि यावेळी डाव इंदिराबाईंच्या हातात होता. वाटीवाटीनं का होईना, सगळ्यांना मिळाली.

दीपमाला वही घेऊन आली. "आज्जी, पेले शून्य."

"बघ!"

"पण प्लास्टिकची पाकिटं एकशेबारा."

इंदिराबाईंनी वही ओढून घेतली आणि नावांवरून बोट फिरवलं.

"नियम चुकला का गं आज्जी?" दीपमालाचा आवाज बारीक झाला.

"चुकला कामून? अर्धाच हाय. आण तो माईक." भोंगा खरखरला. "ऐका! ज्यानं ज्या भांड्यात खीर नेली, त्यानं पुढच्या साली तेच भांडं भरून दूध आणायचं. नावं वहीत हायत. भांड्यासकट!"

ओट्यावर खीर ओरपणाऱ्या अंकुशरावांचा हात थांबला. आपली घागर एवढी मोठी आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं.